शेजारी आणि बावखल

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त देवळाच्या पटांगणात केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने पूर्वजांचे गुणवर्णन करावे, देणगीदारांची नावे वाचावी आणि आशीर्वाद देऊन आसनस्थ व्हावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. देणगीदारांची नावे ह्या स्मरणिकेत यथास्थित छापली आहेत. पूर्वजांविषयी पुढे ओघाने बोलणे येईलच. महोत्सव समितीने आम्हांस नेमून दिलेला विषय मात्र काहीसा निराळा आहे. पाऊस, ऊन आणि वादळ ह्यांचे मान बदलत चालले असता आपल्या वाड्या, आळ्या व पाडे ह्यांनी तग कसा धरावा, आणि त्या कामी तुम्हांआम्हांसारख्या सामान्य माणसांच्या हातून काय होण्याजोगे आहे, ह्याचा विचार आम्ही मांडावा अशी समितीची इच्छा आहे.

आम्ही हवामानशास्त्राचे पंडित नव्हे. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकविण्यात आले. ढगांचे शास्त्र कोणी शिकविले नाही. परंतु ह्या विषयातील निम्मा भाग पाणी कोणत्या उताराने वाहते ह्याचा आहे, आणि तो वसईच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. उरलेला निम्मा भाग शेजारधर्माचा आहे. त्याविषयी बोलण्याचा आम्हांस थोडाफार अधिकार आहे असे आम्ही समजतो.

आणखी एक गोष्ट आरंभीच उघड सांगणे बरे. देवळामागील बावखल बुजवून त्या जागी मोटारी उभ्या करण्याची सोय करावी, अशी एक लेखी सूचना धर्मग्राम मंडळापुढे आली आहे, व तिच्यावर पुढील महिन्यात निर्णय व्हावयाचा आहे. सूचना करणारी मंडळी आपल्याच घरची आहेत, त्यांचा हेतू शुद्ध आहे, आणि रविवारी रस्त्यावर जो खोळंबा होतो तो आम्हीही खिडकीतून पाहतो. तथापि आमचे मत ह्या सूचनेच्या विरुद्ध आहे. ते तसे का आहे, हे आजच्या भाषणातून आपणांस कळून येईल.

प्रथम काय बदलले ते पाहू. आपला धर्मग्राम १९५० साली स्थापन झाला. योगायोग असा की, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी इतरांच्या साहाय्याने पावसाचा जो मोठा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध केला, तोही १९५० पासूनच सुरू होतो. त्यांस असे आढळून आले की, १९५० ते २०१५ ह्या काळात देशाच्या मध्य पट्ट्यात, विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. आणि नवल हे की, मोसमी पावसाचे एकंदर मान त्याच काळात वाढलेले नाही. म्हणजे पाऊस जो पूर्वी महिनाभर हप्त्याहप्त्याने देणे फेडीत असे, तो आता पुष्कळ दिवस तोंड दाखवीत नाही आणि मग एका रात्रीत सारी रक्कम अंगावर फेकतो. ह्याचे एक कारण सोपे आहे. हवा एका अंशाने तापली म्हणजे तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. मोठी घागर भरावयास वेळ लागतो, पण उपडी झाली म्हणजे पाणीही तितकेच अधिक सांडते.

आपणांस ह्या गोष्टीस पुस्तकी पुराव्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईहून पायी निघालेली माणसे आजही तुमच्याआमच्यात आहेत. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी साचून आगगाड्या बंद पडल्या, आपल्या मिठागरांतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली, आणि कित्येक भागांत दिव्यावाचून रात्री काढाव्या लागल्या. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले. ते वसईवर आदळलेही नाही, नुसते बाजूने गेले. तेवढ्याने केळीच्या बागा आडव्या झाल्या. आणि ऊन! १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या सरकारी समारंभास आलेली १४ माणसे उष्माघाताने दगावली. समुद्रकाठची हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि घाम न वाळल्यास शरीर निवत नाही. म्हणून नागपूरच्या मानाने आपला उष्मांक कमी दिसला तरी त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

आता आपल्या पूर्वजांकडे वळू. त्यांनी ह्या पट्टीत बावखले का खोदली? पावसाळ्यात जमिनीवरून वाहणारे पाणी वाडीतल्या वाडीत अडकावे, सावकाश जमिनीत मुरावे, आणि उन्हाळ्यात रहाट लावून तेच पाणी पानवेलीस, केळीस व फुलझाडांस देता यावे, म्हणून. एका बाजूस उतार, काठास उंबर, करंज, भेंड ह्यांची झाडे. सावलीमुळे पाणी कमी उडे आणि मुळांमुळे काठ ढासळत नसे. मुले त्यांत केळीचे खांब टाकून पोहावयास शिकली. ज्या राजेळी केळ्यांची सुकेळी करून आपण पाहुण्यांपुढे मोठ्या अभिमानाने ठेवतो, ती केळी ह्याच पाण्यावर पोसली.

परंतु बावखलाचे आणखी एक काम आहे, ते डोळ्यांस दिसत नाही म्हणून विसरले गेले. आपल्या पायांखाली, वाळू व दगडांच्या पोकळ्यांत, गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी जड असते. किनाऱ्यावरील विहिरींचा अभ्यास करणाऱ्यांचा एक ढोबळ नियम असा आहे की, गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक फूट उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. नियम ऐकावयास आनंदाचा आहे. उलट वाचला म्हणजे भीतीचा. पातळी एक फूट खाली गेली की खारे पाणी ४० फूट वर सरकू पाहते. १९८० नंतर वसईच्या विहिरींतून टँकरमागून टँकर भरून बाहेर जाऊ लागले, तेव्हा ह्या नियमाचा अनुभव अनेक घरांनी चहाच्या पहिल्या घोटात घेतला. त्या काळी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचे कार्यकर्ते जे झगडले, ते ह्याच गोड्या पाण्याच्या थरासाठी. त्यांचे साहित्य पुष्कळांनी वाचले आहे. त्यांनी पाण्यासाठी खाल्लेल्या शिव्या थोड्यांच्या स्मरणात आहेत.

बावखल पावसाळ्यात ह्या थरात भर घालते. ते बुजवले म्हणजे ती भर थांबते. हे झाले स्वतःच्या विहिरीपुरते. शेजाऱ्याचा प्रश्न ह्याहून कठीण आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती बावखलांवर भराव पडला, किती भातखाचरे दोन-दोन पुरुष उंच केली गेली, हे आपण पाहिलेच आहे. भराव घालणारा म्हणतो, "माझी जमीन आहे, मी ती उंच करीत आहे, कोणाचे काय बिघडले?" बिघडले ते असे. भराव घातल्याने पाणी नाहीसे होत नाही. ते आपली जुनी जागा शोधीत येते, तेथे भिंत पाहते, आणि खालच्या घरात शिरते. आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेस, उताराच्या टोकाशी, पत्र्यांच्या चाळी आहेत. तेथे उत्तर प्रदेश, बिहार, कोकण व खानदेश येथून आलेली कुटुंबे राहतात. त्यांत आपल्या धर्माची फारच थोडी. दरवर्षी प्रथम पाणी शिरते ते त्यांच्या घरांत. त्यांनी कोणतेही बावखल बुजवलेले नाही.

एका धर्मशास्त्र्याने प्रभूस विचारले होते की, माझा शेजारी कोण? प्रभूने त्यास यरीहोच्या वाटेवरील जखमी माणसाची गोष्ट सांगितली. वसईच्या सपाट भूमीवर आम्हांस कोणी हाच प्रश्न केला, तर आम्ही म्हणू की, तुझ्या अंगणातले पाणी ज्याच्या दारात जाते, तो तुझा शेजारी.

२०१८च्या पुरानंतर महानगरपालिकेने नीरी ही संस्था व मुंबईची आयआयटी ह्यांच्या तज्ज्ञांकडून पाहणी करविली. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून ते ओहोटी लागेपर्यंत धरून ठेवणारे तलाव हवेत, असे त्या वेळी पुढे आले. कागदोपत्री त्यांस 'धारण तलाव' असे नाव आहे. नाव नवीन आहे. वस्तू कोणती, हे येथील कोणत्याही आजीबाईंस विचारा.

आमच्या आवडीचा नसला तरी थोडा हिशेब येथे केला पाहिजे. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी झाले. एक मोठा टँकर तेवढाच असतो. देवळामागील बावखल सुमारे पाच गुंठ्यांचे आहे. जूनच्या आरंभी ते काठापासून सहा फूट रिकामे असते असा अंदाज धरला, आणि काठाच्या उतारापायी काही वजा केले, तर त्यात सात ते आठ लक्ष लिटर पाणी मावेल. म्हणजे पाऊणशे टँकर. किंवा १०० मिलिमीटरच्या एका पावसात पावणेदोन एकरांवर जेवढे पडते तेवढे. ते बुजवले तर हे पाऊणशे टँकर पूर्वेकडच्या चाळींत आपण रिकामे केले, असाच अर्थ होतो. आणि त्या मोबदल्यात मिळणार काय? पाच गुंठ्यांत, वळावयास जागा सोडून, वीस मोटारी राहतील. शाळेचे मैदान रविवारी मोकळे असते. ते पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. आजारी व वृद्ध ह्यांच्यासाठी देवळाच्या दाराशी जागा राखून बाकीच्यांनी पाच मिनिटे चालावे, ह्यात आम्हांस तरी अन्याय दिसत नाही. आपले आजोबा अर्नाळ्याहून चालत येत, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. नातवांस शाळेपासून चालवत नाही, हे विशेष.

एका बावखलाने वसई वाचणार नाही, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तो खरा आहे. परंतु वसईची बावखले एका दिवसात, एका माणसाने बुजवलेली नाहीत. एकेकाने एकेक बुजवले. उलट वाटही त्याच पावलांनी चालावी लागेल. ज्यांच्या वाडीत बावखल अर्धेमुर्धे शिल्लक आहे त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत गाळ काढावा. गाळ खत म्हणून उत्तम. तो कोणी नेणारा नसेल तर आमच्या फुलझाडांस हवा आहे.

ज्यांच्यापाशी बावखल नाही, त्यांच्यापाशी छप्पर आहे. वसईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर ह्या हिशेबाने वर्षाला दीड लक्ष लिटरांहून अधिक पाणी येते, आणि पन्हळीवाटे रस्त्यावर जाते. तेच पाणी, पहिले दोन पाऊस वाहू देऊन, मग वाळू, खडी व कोळसा ह्यांच्या थरांतून विहिरीत सोडता येते. विहीर नसेल तर अंगणाच्या कोपऱ्यात शोषखड्डा खणावा. मात्र शौचकूपाच्या टाकीपासून तो दूर असावा, आणि जेथे पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी हातभरावर येते तेथे तो निरुपयोगी होय. तेथे टाकी बांधणे बरे. अंगणाविषयी एक विनंती. आपल्याकडे लग्न ठरले की अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवावयाचे, अशी नवी रूढी पडली आहे. मांडव मातीवरही शोभतो. निदान झाडांच्या बुंध्यांशी दोन हात माती उघडी ठेवा.

झाडांचेही तसेच. देवळांच्या आवारांत गुलमोहर लावण्याची आपणांस हौस फार. शोभेस तो उत्तम आहे, पण त्याची मुळे उथळ असतात आणि वादळात तो लवकर पडतो. नवीन लावणे झाल्यास आंबा, करंज, उंडी, चिंच लावावी. घरावर झुकलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटून घ्याव्यात; फांदी छाटणे आणि झाड तोडणे ह्यांत भेद आहे, तो छाटणाऱ्यास आधी समजावून सांगावा. खाडीकाठच्या तिवरांस हात लावू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून त्यांस संरक्षण दिले आहे, व २०१८ च्या निकालाने ते कायम केले. परंतु रात्रीच्या अंधारात राडारोडा आणून टाकणारी वाहने न्यायालयाचे निकाल वाचीत नाहीत. त्या वाहनांचे क्रमांक टिपून तक्रार करणे हे काठावर राहणाऱ्यांच्याच हाती आहे. एकट्याने तक्रार करू नये. दहा जणांनी सही करावी, म्हणजे एकावर राग धरता येत नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. मोठे नाले रुंद करणे, खाडीची मुखे मोकळी करणे, भरावास परवानगी न देणे, ही कामे महानगरपालिकेची व सरकारची आहेत. सामान्य माणसाने शोषखड्डा खणला म्हणून अधिकाऱ्यांची जबाबदारी सरत नाही. लोकांस "तुम्ही झाडे लावा" असा उपदेश करून वरच्यांनी डोंगर पोखरू द्यावेत, ह्यास आम्ही उपदेश म्हणत नाही. वॉर्डाच्या कचेरीत जाणे, नकाशा मागणे, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करणे, हेही सामान्य माणसाचेच काम आहे, आणि तरुणांनी ते अंगावर घ्यावे. परंतु आपल्या मोरीत आपणच टाकलेल्या पत्रावळी व पिशव्या काढावयास मंत्रालयातून कोणी येणार नाही. थर्मोकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. गेल्या सणाच्या जेवणावळीनंतर आम्ही मोरीपाशी जे पाहिले ते ताटांसारखेच दिसत होते.

पाण्याचे पुष्कळ झाले. आता माणसांचे सांगतो, आणि त्यासाठी क्षणभर आपणांस फार दूर, अमेरिकेतील शिकागो शहरी नेतो. कारण शेजार म्हणजे काय, ह्याची मोजदाद आमच्या माहितीत तेथल्याइतकी स्पष्ट कोठे झालेली नाही. जुलै १९९५ मध्ये त्या शहरात उष्णतेची भयंकर लाट आली व सुमारे ७३९ माणसे तिच्यापायी गेली. पुष्कळशी वृद्ध होती, एकटी राहत होती, आणि दार-खिडक्या बंद करून घेतलेल्या खोल्यांत मेली. एरिक क्लिनेनबर्ग नामक समाजशास्त्रज्ञाने पुढे ह्याचा शोध केला. त्यास लागून-लागून असलेल्या दोन वस्त्या आढळल्या. दोन्हींत दारिद्र्य होते, दोन्हींत एकाकी वृद्ध होते, ऊन तर एकच होते. परंतु एकीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या दसपट होते. जेथे माणसे अधिक मेली तेथे दुकाने ओस पडली होती, रस्ते भीतीचे झाले होते, कोणी कोणाच्या दारी जात नसे. जेथे कमी मेली तेथे रस्त्यावर बाजार होता, वर्दळ होती, आणि वृद्ध माणूस दुपारी भाजी आणावयास बाहेर पडे. दिसला नाही तर चौकशी होई. ती दुसरी वस्ती बहुतांशी मेक्सिकोकडून आलेल्या लोकांची होती, आणि तेथील कॅथलिक देवळे भरलेली असत.

हे ऐकून आपण स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. आपल्या वाड्यांतील अर्ध्या घरांची दारे आता विजेच्या घंटीने उघडतात. मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात; मोठ्या बंगल्यात दोन म्हातारी माणसे, आणि पलीकडच्या इमारतीत कोण राहते ते ठाऊक नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून राहिलेला एक रोगी आहे. त्याचे गाऱ्हाणे पाण्याविषयी नव्हते. पाणी समोरच होते. त्यास उचलून नेणारे माणूस नव्हते, हे त्याचे गाऱ्हाणे. तौक्तेनंतर वीज नव्हती व दूरध्वनी बंद पडले होते, तेव्हा आपल्या धर्मग्रामातही प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या एका वृद्धेच्या घरी सायंकाळपर्यंत कोणी गेले नव्हते. सुदैवाने तिच्या शेजारी राहणाऱ्या, चाळीतून कामास येणाऱ्या बाईस आठवण झाली आणि तिने रिक्षावाल्यास हाका मारून आणले. ती बाई आपल्या धर्माची नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक वाडीच्या ख्रिस्ती समूहास एक काम सांगत आहोत. एक वही करावी. तीत आपल्या वाडीतील, आणि लागून असलेल्या चाळींतीलही, एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणास खिळलेले रोगी, गर्भवती स्त्रिया व ज्यांचे औषध थंड ठेवावे लागते असे आजारी ह्यांची नोंद असावी. आणि प्रत्येकाच्या नावासमोर, वादळाच्या अथवा कडक उन्हाच्या दिवशी त्याच्या दारी जाणाऱ्या दोन माणसांची नावे. दोन अशासाठी की, एक नेमका लग्नास गेलेला असतो. वही कागदाचीच असावी. मोबाइलमधील यादी वीज गेली की आठ तासांत मुकी होते. ज्यांची नावे लिहावयाची त्यांची संमती घ्यावी, व वही चव्हाट्यावर ठेवू नये.

उन्हाच्या दिवसांत, दुपारी बारा ते चार, देवळाचे सभागृह सर्वांस उघडे राहील. पंखे आहेत, माठ भरून ठेवू. कोणी बाप्तिस्म्याचा दाखला मागणार नाही. चाळींच्या पत्र्यांवर चुन्याचा पांढरा हात मारल्यास आतील उष्मा कमी होतो. चुना स्वस्त आहे, आणि आपल्या तरुण संघास दरवर्षी क्रूस रंगविण्याचा सराव आहेच.

पूर येण्याचा संभव असता देवळाची घंटा वाजविण्यात येईल. तीन-तीन ठोके, मध्ये थांबून. प्रार्थनेची घंटा व ही घंटा ह्यांत कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून शाळेतील मुलांकडून ती एकदा वाजवून दाखवू. घंटेस वीज लागत नाही व मनोरा लागत नाही. दोर ओढणारा तेवढा जागा पाहिजे. घंटा ऐकल्यावर विजेचे मुख्य बटण बंद करणे, सातबारा, शिधापत्रिका व औषधे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंच ठेवणे, आणि वहीतील आपल्या माणसाकडे जाणे. ज्यांच्या घरी विजेचे मीटर गुडघ्याइतक्या उंचीवर आहे, त्यांनी ते वर घेण्याविषयी आजच अर्ज करावा. पाणी ओसरल्यावर पायास जखम असता चिखलात उतरू नये. उतरावे लागल्यास व ताप आल्यास वैद्याकडे त्याच दिवशी जावे. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोच्या तापाने माणसे गेली, ती पुरातून वाचलेली माणसे होती. धर्मग्रामाची जुनी बाप्तिस्म्याची व विवाहाची रजिस्टरे आम्ही यंदाच वरच्या मजल्यावर हलविली आहेत.

आता एका जुन्या धर्मविधीची आठवण देतो. सुमारे ४७० साली, गॉल देशात म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, व्हिएन्न नगरीचे बिशप संत मामेर्तुस ह्यांनी संकटांच्या काळी स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस उपवास व प्रार्थनेचे ठरविले. लोक प्रार्थना म्हणत शेतांतून फिरत. पुढे ही चाल सर्वत्र पसरली, आणि काही देशांत ह्या निमित्ताने सारा धर्मग्राम आपल्या सीमेवरून चालत जाई; मुलांस बांध, ओढे व खुणेची झाडे दाखवून ठेवी. स्वर्गारोहणाचा सण बहुधा मे महिन्यात येतो. आमच्यासारख्या पावसाळी देशाच्या सोयीनेच संतांनी ती तिथी निवडली असावी, असे आम्हांस कधी कधी वाटते.

हा याचनेचा फेरा येत्या वर्षापासून आपल्या धर्मग्रामात काढावा असा आमचा मानस आहे. क्रूस पुढे असेल, मागे आपण. पण हातांत जपमाळेबरोबर फावडी, घमेली व कोयतेही असतील. जेथे मोरी तुंबलेली दिसेल तेथे थांबून प्रार्थना म्हणावी व मोरी मोकळी करावी. जेथे ओहोळावर भिंत उभी राहिलेली दिसेल तेथे वहीत नोंद करावी. वाट पूर्वेकडील चाळींतून जाईल. तेथील मंडळींस आम्ही स्वतः जाऊन बोलावणार आहोत. त्यांनी प्रार्थना म्हणावी असा आग्रह नाही. पाणी कोठून कसे शिरते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही, म्हणून वाट त्यांनी दाखवावी. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लावदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचे आणि गरिबांचे रडणे एकत्रच ऐकावयास सांगितले आहे. आपल्या धर्मग्रामात ती दोन्ही एकाच उताराच्या टोकाशी ऐकू येतात.

बावखलाविषयीचा निर्णय मंडळाचा आहे. आम्ही आमचे मत सांगितले, आणि आमचेही मत एकच धरले जाईल. तथापि आम्ही वर दिलेला हिशेब अंदाजाचा आहे आणि मत देणाऱ्यांपुढे खरे आकडे असावेत. म्हणून येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर बावखलाची लांबी, रुंदी व खोली मोजावयाची आहे. ज्यांनी ते बुजविण्याची सूचना केली आहे त्यांनीच माप धरावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. ज्यांच्यापाशी लांब दोर व पंधरा फुटांचा बांबू असेल त्यांनी तो आणावा. पूर्वेच्या काठावर शेवाळ आहे. तिकडे मुलांनी जाऊ नये.